सायडरचे टक्के आणि आत्याचा प्रश्न

(या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचं 'म्हणजे', 'तर', 'बरं का' थोडं कमी केलंय, बाकी जसं बोललो तसंच.)



आजचा भाग थोडा वेगळा आहे. आज आपण एका काचेच्या बरणीचं गणित सोडवणार आहोत. बरणी इंग्लंडमधे, गणित सोडवणारा असोद्यात, आणि प्रश्न विचारणारी माझी आत्या. तिने विचारलेला प्रश्न एका ओळीचा होता, पण त्याचं खरं उत्तर द्यायला आम्हाला तीन दिवस लागले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी कुठलीही दारू बनवणं गुन्हा आहे. सफरचंदाची असो, केळीची असो नाहीतर मोहाची. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यामुळे हा 'कसं बनवायचं' असा भाग नाही. 'किती आहे ते कसं ओळखायचं' असा भाग आहे. इंग्लंडमधे स्वतःच्या घरी पिण्यापुरतं सायडर बनवायला परवानगी आहे, विकायचं नाही आणि गाळून कडक दारू काढायची नाही, एवढीच अट. माझा दादा तिकडे राहतो, म्हणून ही गोष्ट घडली.

झालं काय?

डिसेंबर होता. असोद्यात डिसेंबर म्हणजे भरीत. शेतात कपाशीच्या काड्या पेटवलेल्या, त्यावर हिरवी वांगी भाजायला टाकलेली, बाजूला कळण्याच्या पुऱ्या. आम्ही सगळे शेतात बसलेलो आणि दादाचा व्हिडिओ कॉल आला. आत्या दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलेली होती. तिला भरीत दाखवायचं आणि जळवायचं, असा आमचा साधा बेत.

पण आत्या भरताकडे बघेचना. म्हणाली, "तू केमिस्ट्री शिकेल हाये ना? मग मले एक सांग. हा मले रोज सफरचंदाचा रस म्हणून जे देऊ राहिला, त्याच्यात दारू हाये का रे?"

मागून दादा हसत म्हणाला, "अगं नावाला आहे आई. नावाला."

आत्या हसली नाही. आणि मीही नाही हसलो. कारण आत्या माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, मुक्ताईची वारी. गेली तीस वर्षं तिने कांदा-लसूणसुद्धा सोडलेला आहे. शिवाय तिला साखर आहे, गोळ्या चालू आहेत. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर दारू पोटात गेली तर रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणजे तिचा प्रश्न नुसता श्रद्धेचा नव्हता, तब्येतीचाही होता.

आणि 'नावाला' हे काही उत्तर नाही ना भो! नावाला म्हणजे किती? अर्धा टक्का? पाच टक्के? दहा?

मी दादाला म्हटलं, "दादा, आकडा सांग." तो म्हणाला, "दुकानातल्या सायडरवर साडेचार लिहिलेलं असतं, तेवढंच असेल." म्हणजे त्याने मोजलंच नव्हतं. दुकानातल्या बाटलीवरचा आकडा त्याने मनातल्या मनात स्वतःच्या बरणीला चिकटवला होता. आपण सगळेच असं करतो.

साखर जाते कुठे?

आता थोडं विज्ञान, घाबरू नका.

उसाचा रस बाटलीत भरून दिवसभर विसरलात तर काय होतं? झाकण उघडताना फस्सकन आवाज येतो. इडलीचं पीठ रात्रीतून वर येतं. दोन्हीकडे गॅस तयार होतोय. रसामधे काम करतात ते यीस्ट नावाचे बारीक जीव. ते साखर खातात आणि दोन गोष्टी बाहेर टाकतात: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड.

हिशोब बघा. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं की ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे साखरेचं जवळजवळ निम्मं वजन गॅस होऊन उडून जातं आणि निम्मं अल्कोहोल होऊन बरणीत राहतं.

आता साखर विरघळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. मग आंबताना काय होणार? रस दिवसेंदिवस हलका होत जाणार. किती हलका झाला ते मोजलं की किती साखर गेली ते कळतं, आणि किती साखर गेली ते कळलं की किती अल्कोहोल झालं ते कळतं. सगळं गणित एवढंच आहे.

हे मोजायचं साधन म्हणजे हायड्रोमीटर. काचेची बंद नळी, खाली वजन, वर बारीक दांडी आणि दांडीवर आकडे. द्रवात सोडली की तरंगते. द्रव जड असेल तर नळी वर राहते, हलका असेल तर खाली बुडते. गावात दूध डेअरीत लॅक्टोमीटर बघितलाय ना? तोच प्रकार. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर बुडतो आणि चोरी पकडली जाते. त्याचाच हा भाऊ.

साध्या पाण्यात हायड्रोमीटर १.००० दाखवतो. दादाने सुदैवाने एक गोष्ट केली होती. सफरचंदाचा रस काढला त्या दिवशी हायड्रोमीटर बुडवून आकडा वहीत लिहिला होता: १.०४८. किट बरोबर नळी आली होती, म्हणून बुडवून बघितली, एवढंच. पुढे त्याचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "आज परत बुडव."

त्याने बुडवली. म्हणाला, "अरे ही नळी बिघडली वाटतं. ०.९९८ दाखवतेय. पाण्यापेक्षा हलकं कसं असेल?"

नळी बिघडलेली नव्हती. साखर संपली आणि अल्कोहोल तयार झालं, की मिश्रण पाण्यापेक्षा हलकं होतंच. एकपेक्षा कमी आकडा दिसला याचा अर्थ यीस्टने ताट अगदी चाटूनपुसून साफ केलंय.

पहिलं उत्तर

सूत्र सोपं आहे. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा आकडा वजा करा आणि १३१.२५ ने गुणा. उत्तर येतं ते टक्के. म्हणजे १०० मिलीमधे किती मिली अल्कोहोल.

१.०४८ वजा ०.९९८ म्हणजे ०.०५०. त्याला १३१.२५ ने गुणलं की ६.५६. साधारण साडेसहा टक्के.

हे १३१.२५ काही आभाळातून पडलेलं नाही. साखर किती गेली, तिचं अल्कोहोल किती झालं, अल्कोहोलचं वजन पाण्याच्या किती पट, हे सगळं एका आकड्यात कोंबलेलं आहे. हलक्या पेयांना हे सूत्र बऱ्यापैकी लागू पडतं. खूप कडक वाइनला थोडं चुकतं.

तर साडेसहा. दादाच्या मनातल्या साडेचारपेक्षा दीडपट. मी आत्याला सांगणार होतो, तेवढ्यात मला एक शंका आली. सफरचंदाच्या रसाची चव गेली की लोक काय करतात? साखर घालतात. मी विचारलं, "दादा, आकडा घेतल्यानंतर बरणीत काही घातलं होतंस का?"

तो गप्प. मग म्हणाला, "आंबट लागत होतं म्हणून थोडी साखर घातली होती. दुसऱ्या दिवशी."

"थोडी म्हणजे?"

"अर्ध्या किलोचं पाकीट होतं. त्यातलं अर्धं गेलं असेल."

झालं! पाव किलो साखर. आणि वहीतला १.०४८ हा आकडा साखर घालण्याच्या आधीचा. म्हणजे आपली सगळी वजाबाकी चुकीच्या जागेवरून सुरू झाली होती. गावात म्हणतात ना, पायाच वाकडा तर भिंत कशी सरळ होईल.

दुसरं उत्तर

मग परत बसलो. बरणी साडेचार लिटरची. १.०४८ म्हणजे पाण्यापेक्षा ४८ अंश वर. साडेचार गुणिले ४८ म्हणजे २१६. साखरेचं असं आहे की १ किलो साखर विरघळवून एकूण १ लिटर द्रव केला तर ३८४ अंश चढतात. पाव किलोचे झाले ९६. २१६ आणि ९६ मिळून ३१२. साखर घातल्यावर एकूण द्रवही थोडा वाढतो, साडेचारचा होतो सुमारे ४.६५ लिटर. ३१२ भागिले ४.६५ म्हणजे ६७ अंश.

म्हणजे खरी सुरुवात १.०६७ ला झाली होती. आता वजाबाकी करा: १.०६७ वजा ०.९९८ म्हणजे ०.०६९. गुणिले १३१.२५ म्हणजे ९.०६.

नऊ टक्के! दादा ज्याला 'नावाला' म्हणत होता ते दुकानातल्या सायडरच्या दुप्पट निघालं. बऱ्याच बिअरच्या दुप्पट. वाइनच्या जवळ जाणारं.

दादा म्हणाला, "छे. अर्धं पाकीट म्हटलं खरं, पण कमीही असेल. मला नक्की आठवत नाही." आणि त्याचं बरोबर होतं. आठवणीवर गणित उभं करायचं नसतं. मग करायचं काय? सुरुवातीचा आकडा भरवशाचा नसेल, तर शेवटच्या द्रवातूनच उत्तर काढता येईल का?

येतं. आणि हीच मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट.

उकळून बघायची रीत

विचार करा. तयार सायडरमधे तीन गोष्टी आहेत. पाणी, अल्कोहोल, आणि थोडं आम्ल, उरलीसुरली साखर वगैरे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. सायडर उकळत ठेवून निम्मं आटवलं तर अल्कोहोल सगळं निघून जातं. मग जेवढं आटलं तेवढं साधं पाणी घालून परत मूळ मापाला आणायचं. आता भांड्यात आधीचंच सगळं आहे, फक्त अल्कोहोलच्या जागी पाणी आलंय.

आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, यातला फरक फक्त अल्कोहोलमुळे आहे. सुरुवातीला साखर किती होती, कोणी कधी किती घातली, काही माहीत नसलं तरी चालतं.

दादाने २५० मिली मोजून घेतलं. आधी दोन ग्लासांत वरखाली ओतून त्यातले बुडबुडे काढले. कारण बुडबुडे नळीला चिकटले की तिला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. मग खिडकी उघडी ठेवून, इलेक्ट्रिक शेगडीवर मंद उकळलं. गॅसची ज्योत नको, कारण वर येणारी वाफ पेटू शकते. निम्मं झाल्यावर उतरवलं, पाणी घालून परत २५० केलं आणि पूर्ण थंड होऊ दिलं.

आकडा आला १.०१०.

आधी ०.९९८, नंतर १.०१०. फरक १२ अंश. पाण्यात अल्कोहोल मिसळलं की दर टक्क्याला साधारण १.४ अंश कमी होतात, या पट्ट्यात तरी. १२ भागिले १.४ म्हणजे साडेआठ ते नऊ.

दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि एकाच गावात पोचलो. साखरेच्या हिशोबाने नऊ, उकळण्याच्या हिशोबाने साडेआठ-नऊ. आता मात्र दादाची बोलती बंद झाली.

प्रयोगशाळेतही याच विचाराची पद्धत वापरतात. फरक एवढाच की तिथे उडणारं अल्कोहोल थंड करून गोळा करतात, मोजक्या मापाला आणतात आणि त्याची घनता अचूक काढून तक्त्यात बघतात.

अजून एक रीत सांगतो, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची. मघाशी म्हटलं ना, गॅस उडून जातो? मग बरणी पहिल्या दिवशी वजन करून ठेवली आणि शेवटच्या दिवशी परत वजन केलं, तर जेवढं वजन घटलं तेवढा कार्बन डायऑक्साइड गेला. ३०० ग्रॅम घटले तर साधारण ३१४ ग्रॅम अल्कोहोल झालं, म्हणजे जवळपास ४०० मिली. ४.६५ लिटरच्या बरणीत ते साडेआठ टक्के होतात. फेस उतू गेला किंवा मधेच चव घ्यायला ग्लासभर काढलं, तर मात्र हिशोब फसला.

कुठे कुठे चुकतं?

आता जळगावची खास गोष्ट. हायड्रोमीटरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, २० अंश सेल्सिअस. म्हणजे द्रव २० अंशांवर असेल तरच आकडा खरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. ४० अंशांवर पाणी फुगून हलकं होतं आणि नळी सहा अंश कमी दाखवते. सहा अंश म्हणजे टक्क्यांत ०.८ ची चूक! कॉलेजात प्रॅक्टिकलला घनता मोजताना आमचे आकडे कधीच पुस्तकाशी जुळायचे नाहीत, त्याचं एक कारण हेच होतं. दोन्ही वेळा सारखंच तापमान असेल तर चूक बरीचशी कटते. एकदा थंड आणि एकदा गरम असेल तर फसलात.

दुसरी चूक रिफ्रॅक्टोमीटरची. द्राक्षवाले आणि ऊसवाले शेतकरी हे यंत्र चांगलं ओळखतात. रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं आणि ब्रिक्स वाचायचा. गोड रसासाठी एकदम मस्त. १२ ब्रिक्स म्हणजे साधारण १.०४८, दादाच्या रसाएवढा. पण आंबल्यानंतर तोच थेंब खोटं बोलतो, कारण अल्कोहोलही उजेड वाकवतं. मग यंत्राला वाटतं की साखर अजून शिल्लक आहे. त्याला वेगळी दुरुस्ती करावी लागते.

आणि तिसरी गोष्ट चूक नाही, मर्यादा आहे, पण सर्वांत महत्त्वाची. हायड्रोमीटरला दारू 'कोणती' ते कळत नाही. फक्त किती हलकं ते कळतं. जून २०१५ मधे मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉलही पाण्यापेक्षा हलकं, दिसायला पाण्यासारखंच. त्यात नळी बुडवली असती तर तिने एक छान आकडा दाखवला असता आणि माणूस तरीही मेला असता. फळं आंबवताना मिथेनॉल अगदी किंचित तयार होतं, त्याने अशा दुर्घटना होत नाहीत. त्या होतात कारखान्यात वापरायचं मिथेनॉल कोणीतरी दारूत मिसळतं तेव्हा. म्हणून 'मोजून बघतो आणि पितो' ही अक्कल हातभट्टीच्या दारूला कधीही लावू नका.

बाटलीवरचे दोन आकडे

आपल्याकडच्या विदेशी दारूच्या बाटलीवर दोन आकडे असतात, ४२.८ टक्के आणि ७५ डिग्री प्रूफ. बऱ्याच जणांना वाटतं ७५ म्हणजे ७५ टक्के. तसं नाही. 'प्रूफ' हे ब्रिटिशांचं जुनं माप. सांगतात की पूर्वी दारूत बंदुकीची दारू भिजवून पेटवून बघायचे. पेटली तर माल कडक, विझली तर पाणी घातलंय. पुढे १८१६ मधे साइक्स नावाच्या माणसाचा हायड्रोमीटर ब्रिटनमधे कायद्याने ठरवून दिला. म्हणजे त्याच आपल्या तरंगणाऱ्या नळीवर सरकार कर गोळा करू लागलं. १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. त्याचे ७५ टक्के काढा, बरोबर ४२.८ येतात.

आत्याला सांगितलं

आता मूळ मुद्दा. आकडा हातात आला, पण तो सांगायचा कोणी? दादा म्हणाला, "तूच सांग." मी म्हटलं, "बरणी तुझी, आई तुझी. तू सांग, मी फोनवर थांबतो."

त्याने सांगितलं. म्हणाला, "आई, मी मोजलं नव्हतं. नऊ टक्के निघाले. तू रोज एक ग्लास घेत होतीस, २०० मिली, त्यात १८ मिली दारू होती. माझं चुकलं."

आत्या थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मले आधी सांगितलं असतं, तं मी हातही लावला नसता. तुले माहीत नव्हतं, हे ठीक. पन माहीत नसताना 'नाही' कसं म्हनला?"

मंडळी, या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतोय. तिचा राग दारूवर नव्हता. मोजल्याशिवाय दिलेल्या खात्रीवर होता.

मग तिनेच मला उलटा प्रश्न टाकला. "मंग बाळंतपनात दशमूलारिष्ट घेतलं होतं, त्याच्यात काय होतं?"

आत्या हुशार आहे! आसवं आणि अरिष्टं म्हणजे आपल्या घराघरातलं आंबवलेलं औषध. काढा, गूळ आणि धायटीची फुलं घालून भांडं महिनाभर बंद ठेवायचं. जुन्या पद्धतीत ते धान्याच्या राशीत पुरून ठेवत, तापमान एकसारखं राहावं म्हणून. धायटीच्या फुलांवर यीस्ट असतं, ते गूळ खातं आणि अल्कोहोल तयार होतं. बाटली उलटून बघा, 'स्वयंजात अल्कोहोल' असं लिहिलेलं सापडेल, साधारण ५ ते १० टक्के. म्हणजे टक्क्यांत ते दादाच्या सायडरच्या जवळच!

मग फरक काय? मात्रेचा. २० मिली अरिष्टात ८ टक्क्यांनी १.६ मिली अल्कोहोल. २०० मिली सायडरमधे १८ मिली. अकरा पट. टक्के सांगतात द्रव किती कडक आहे. पोटात किती गेलं ते कळायला टक्क्यांना ग्लासाने गुणावं लागतं. आणि दुसरा फरक म्हणजे तिथे लेबल आहे, औषध म्हणून सांगून दिलेलं आहे.

हाच पेच एकदा थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्यात अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव म्हणजे दारू, अशी व्याख्या होती. मग औषधं आणि अत्तराचं पाणीही त्यात सापडलं. एफ. एन. बलसारा यांनी याला आव्हान दिलं आणि १९५१ मधे कोर्टाने निकाल दिला. दारूबंदीचा कायदा बहुतांशी टिकला, पण अल्कोहोल असलेल्या औषधांवर आणि प्रसाधनांवरची बंदी टिकली नाही. म्हणजे 'याच्यात दारू आहे का' या प्रश्नावर नुसतं हो किंवा नाही म्हणून कोर्टाचंही भागलं नाही.

आणि गाडी?

शेवटचा हिशोब दादासाठी होता. तो शुक्रवारी रात्री दोन पाइंट घ्यायचा आणि शनिवारी पहाटे गाडी घेऊन कामावर जायचा. एक पाइंट म्हणजे ५६८ मिली. इंग्लंडमधे १० मिली शुद्ध अल्कोहोलला एक युनिट म्हणतात. साडेचार टक्क्यांच्या हिशोबाने दोन पाइंटचे पाच युनिट. नऊ टक्क्यांनी दहा. शरीर साधारण तासाला एक युनिट संपवतं, माणसागणिक कमी-जास्त. रात्री अकराला दहा युनिट संपवले तर पहाटे सहाला किती उरले? तुम्हीच वजा करा. तिकडे आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका असा सरकारी सल्ला आहे, आणि हा एका रात्रीत दहा घेत होता, तेही पाच समजून.

गाडी चालवताना इंग्लंडमधे १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आपल्याकडे फक्त ३० मिलिग्रॅमची. इथले नियम कडक आहेत, त्यामुळे 'एकच घेतली' हे आपल्याकडे तर अजिबात चालत नाही.

दादाने ते सायडर फेकलं नाही. प्रत्येक बाटलीवर कागद चिकटवला. त्यावर तारीख, १.०६७, ०.९९८ आणि खाली मोठ्या अक्षरात ९ टक्के. आणि पुढच्या बरणीसाठी वहीत पहिलीच ओळ लिहून ठेवली: साखर घातली की परत मोजायचं.

आत्या जानेवारीत परत आली. आल्या आल्या पंढरपूरला जायचं म्हणाली. शेतात परत भरीत झालं, तिच्यासाठी बिनकांद्याचं वेगळं. दादाचा फोन आला तेव्हा त्याने ग्लास वर करून दाखवला. आत्या म्हणाली, "काय हाये त्यात?"

दादा म्हणाला, "आई, पाणी. शून्य टक्के. मोजलंय."

आत्या पहिल्यांदा हसली.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात जी बाटली 'नावाला आहे' म्हणून ठेवलेली असेल, औषधाची असो की अजून कशाची, तिचं लेबल आज एकदा वाचा. आणि कोणी विचारलं की याच्यात काय आहे, तर माहीत असेल ते सांगा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!